सोमवार, गुरुवार, शनिवार

निकेननं ते पातळसं पुस्तक सहज म्हणून उघडलं, आणि पहिल्याच पानावर तिला आपल्या वडिलांची सही दिसली.

जांभळी शाई. डावीकडे कललेली अक्षरं. 'सुमार्तो, सोलो, मार्च १९६८.'

खरं तर ती आली होती वेगळ्याच कामाला. निकेन कपडे शिवायची, आणि एका नवरीला आजीच्या लग्नातल्या फोटोत होत्या तशा बाह्यांची कबाया, म्हणजे लांब झंपर, हवी होती. तशी कापणी हल्ली कोण करतं? म्हणून जुनी शिवणकामाची मासिकं धुंडाळत निकेन सोलो शहरातल्या श्रीवेदारी बागेच्या मागच्या जुन्या पुस्तकांच्या गाळ्यांमध्ये शिरली होती. ओलसर कागदाचा आणि डांबरगोळ्यांचा वास, डोक्यावर ताणलेलं निळं प्लास्टिक, आणि दोन्ही बाजूंना छपरापर्यंत पुस्तकं...

"घ्यायचंय, की नुसतंच हुंगायचंय?" वरून आवाज आला.

तिनं मान वर केली. शिडीच्या टोकावर एक लांबलचक, काटकुळा माणूस बसला होता. मांडीवर पुस्तकांचा गठ्ठा, दातांत सुतळी.

"हे पुस्तक माझं आहे," निकेन म्हणाली.

"पैसे देईपर्यंत माझं."

"अहो, यावर सही आहे. सुमार्तो."

तो एकेक पायरी उतरून खाली आला. उतरला तरी तिच्यापेक्षा हातभर उंचच उरला. त्यानं पान पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"तुम्ही सुमार्तो दिसत नाही. मी आपला मिशा धरून चाललो होतो."

"मुलगी आहे मी त्यांची!" ती घाईघाईनं आजूबाजूचे गठ्ठे चाळू लागली. "बाकीचे... बाकीचे भाग कुठायत?"

'सात घाटांचा वाटसरू.' चाळीस भागांची तलवारबहाद्दराची कादंबरी, दर महिन्याला एक भाग निघायचा. टपाल खात्यात नवे नवे लागलेले सुमार्तो पगार झाला की आधी नवा भाग घ्यायचे, मग तांदूळ. गेल्या महिन्यात ते थोरल्या मुलीकडे मादियुनला गेले होते, तेव्हा निकेननं घर झाडायला काढलं. माळ्यावरचे ते चाळीस भाग वर्तमानपत्रांबरोबर रद्दीत घातले. किलोवर! तिला वाटलं, धूळ गेली, बाबांचा खोकला जाईल.

बाबा परत आले. माळ्याकडे बघत थोडा वेळ उभे राहिले. "बरं झालं," म्हणाले, "धूळ फार व्हायची." आणि चष्मा घडी करून खिशात ठेवला. तो चष्मा त्यानंतर खिशातून बाहेर आला नव्हता. संध्याकाळी ते पायरीवर नुसते बसून राहायचे. ओरडले असते तर निकेनला बरं वाटलं असतं.

हे सगळं तिनं त्या अनोळखी माणसाला का सांगितलं, कोण जाणे. त्यानं मध्येच एक स्टूल पुढे सरकवलं होतं आणि दातांतली सुतळी काढून खिशात ठेवली होती.

"चाळीसच्या चाळीस आहेत माझ्याकडे," तो हळूच म्हणाला. "पण..."

"पण काय?"

"शब्द दिलाय. जाकार्ताचे एक दातांचे डॉक्टर आहेत. सहा वर्षं हीच मालिका शोधतायत. मिळाल्याचं मी त्यांना कळवलं, त्यांचं उत्तरही आलं. तीन महिन्यांनी, रविवारी, स्वतः न्यायला येणार आहेत."

निकेननं पुस्तक मिटलं आणि परत जागेवर ठेवलं. फार जपून, आवाज होऊ नये तसं. ती वळून चार पावलं गेली असेल नसेल...

"ओ म्बाक!" सोलोत कुठल्याही तरुणीला मारतात तशी हाक मारत तो मागून धावत आला. "विकू शकत नाही म्हटलं. देऊ शकत नाही असं कुठं म्हटलं? एक न्या. वाचून झालं की परत आणा, पुढचं न्या. तीन महिने आहेत की."

"आणि मी पळून गेले तर?"

"तर मी शोधत येईन," तो म्हणाला. मग आपणच काय बोललो ते ऐकून त्याचे कान लाल झाले. "म्हणजे... पुस्तक शोधत."

त्याचं नाव सेनो.

"सेनो? म्हणजे आपल्या जावातल्या महाभारतातला भीम?" निकेननं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "आईबापांनी फार आशा ठेवली होती वाटतं तुमच्यावर."

"गदा घरी ठेवून आलोय," सेनो म्हणाला.

त्या संध्याकाळी पहिला भाग हातात पडला तेव्हा बाबांनी खिशात हात घातला. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, डोळ्यांवर चढवला. निकेन स्वयंपाकघरात भात ढवळत उभी होती. बाहेरून पान उलटल्याचा आवाज आला, आणि तिनं पदराआड... छे, कबायाला कुठला पदर! तिनं सरळ हाताच्या पालथ्या बाजूनंच डोळे पुसले.

दोन दिवसांनी पुस्तक मागितलं तेव्हा बाबांनी विचारलं, "आता कुठं नेतेस?"

"बांधणीला," ती बोलून गेली. "चाळीसही बांधून घेणार आहे. छान पुठ्ठ्यात."

बाबांचा चेहरा असा उजळला की आता खरं सांगायची सोयच उरली नाही.

"मी बुकबाइंडर कधी झालो?" सेनोनं ऐकून विचारलं.

"परवापासून. आणि बाबा म्हणतात, कणा हिरव्या कापडाचा करा."

"मजुरी?"

"बघू. काम कसं होतंय त्यावर."

असं ते सुरू झालं. सोमवार, गुरुवार, शनिवार. एक भाग परत, एक भाग घरी. निकेन सायकल लावायची, सेनोनं चहाचा दुसरा पेला आधीच झाकून ठेवलेला असायचा. ती त्याला 'मस सेनो' म्हणायची. आता सोलोत 'मस' कोणालाही म्हणतात... भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, थोरल्या भावाला. आणि बायका नवऱ्यालाही तेच म्हणतात. शब्द एकच, फरक नुसता सुराचा. निकेनचा सूर भाजीवाल्याचाच होता. निदान पहिले दोन आठवडे तरी.

"वाटसरूनं त्या सावकाराच्या मुलीला सोडून जायला नको होतं," एकदा ती म्हणाली. भाग नववा चालू होता, आणि आता बाबांच्या आधी तीच वाचून काढायची.

"कर्तव्य होतं त्याचं."

"कर्तव्य! एक शब्द बोलून गेला असता तर तलवार गंजली असती का?"

"काही माणसांना बोलायला वेळ लागतो, म्बाक."

"नऊ भाग?"

सेनो चहाच्या पेल्यात बघत बसला. छपराच्या प्लास्टिकवर पाऊस टपटपत होता. तिची निघायची वेळ होऊन गेली होती, पण पावसाचं निमित्त दोघांनाही पुरलं.

सतरावा भाग हरवला तो निकेनच्याच हातून. सायकल पंक्चर होती म्हणून क्लेवेरच्या कापडबाजारातून ती बसनं घरी आली. कापडाचा गठ्ठा घेऊन उतरली आणि पुस्तक बाकावरच राहिलं. बस वळली, तेव्हा तिच्या लक्षात आलं. आगारात दोन खेटे घातले, कंडक्टरला विचारलं, बाकांखाली वाकून पाहिलं. काही नाही.

दुसऱ्या दिवशी ती गाळ्यावर आली तेव्हा मंगळवार होता. सेनो आधी हरखला, मग तिचा चेहरा पाहून उभाच राहिला.

"मी एकदा बाबांची चाळीस घालवली," ती म्हणाली, "आणि आता तुमचं एक. माझ्या हाताला काय झालंय, मस? तुम्ही दिलेला शब्द... त्या डॉक्टरांना..."

सेनोनं हातातला गठ्ठा खाली ठेवला. मग त्यानं खिळ्यावरचं कुलूप काढलं.

"चला."

"कुठं?"

"शोधायला. छापलं तेव्हा एकच प्रत छापली नव्हती ना?"

तीन दिवस ते हिंडले. ग्लादाकचे गाळे, भंगारबाजार, मशिदीमागचा रद्दी डेपो. सेनो सायकल मारायचा, निकेन मागे बसायची, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून, त्याला नाही. तिसऱ्या दिवशी कुणीतरी जेब्रेसच्या सुरिप आजींचं नाव सांगितलं. एके काळी आजी घरातच भाड्यानं पुस्तकं द्यायच्या. आता कपाटात मोजून दहा-बारा उरली होती, आणि त्यांत, कोपरा उंदरानं कुरतडलेला, सतरावा भाग.

"विकायचा नाही," आजी म्हणाल्या. "वाचायला कुणी आलं तर?"

"शेवटचं कोण आलं होतं, आजी?"

"येतील. लोकांना वेळ नसतो."

आजींच्या अंगावरची रेशमी कबाया खांद्यांवरून ओघळत होती. वयानं अंग आटलेलं, आणि पुढच्या आठवड्यात नातवाचं लग्न. निकेननं काही न बोलता पिशवीतून सुई काढली. तिथंच, खिडकीच्या उजेडात, दोन तास बसून तिनं ती कबाया उसवली, खांदे उचलले, कंबर घेतली. आजींनी तोवर सोयाबीनच्या तेंपेची भजी तळून सेनोपुढे ठेवली.

"घे रे, खा. काय गं, नवऱ्याला जेवायला घालतेस की नाही? वारा आला तर उडून जाईल हा."

निकेनची सुई थांबली. सेनोचा घास थांबला. मग सुई पुन्हा चालू लागली.

निघताना आजींनी सतरावा भाग तिच्या हातात दिला. "वाचून झाला की येऊन सांग मला, त्या मुलीचं पुढं काय झालं ते. मी विसरले."

परतीच्या वाटेवर निकेननं पुन्हा दोन्ही हातांनी सीट धरली होती.

"तुम्ही आजींना सांगितलं नाही," निकेन म्हणाली.

"काय?"

"हेच, की आपण... की तुम्ही माझे कोणी..."

"तुम्ही तरी कुठं सांगितलंत?"

"माझ्या दातांत दोरा होता."

"माझ्या तोंडात भजं होतं."

"दोन तास?"

"मोठं होतं," सेनो म्हणाला. त्याच्या पाठीमागे निकेन इतकी हसली की सायकल डुगडुगली, आणि तिला सीट सोडून त्याचा शर्टच धरावा लागला. नंतर रस्ता सरळ होता, तरी तिनं तो सोडला नाही.

बाबांनी सतरावा भाग उघडला. "यावर माझी सही नाही."

"बांधणीत पान फाटलं," निकेन म्हणाली. बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि वाचायला लागले.

दिवस सरत गेले. पस्तीस. छत्तीस. डॉक्टरांचं पत्र आलं, रविवारी सकाळच्या गाडीनं पोचतो. शनिवारी निकेन आली तेव्हा सेनोनं ते पत्र तिच्यापुढे ठेवलं.

"मी ठरवलंय," तो म्हणाला. "वाळवी लागली म्हणून सांगतो. भाग सुमार्तोकाकांचे आहेत. काकांकडेच राहतील."

निकेनला क्षणभर वाटलं, हो म्हणावं. नुसती मान हलवायची होती. घरी चाळीस भाग, बाबा खूश... आणि हा माणूस तिच्यासाठी खोटं बोलायला तयार झालेला.

"नको, मस," ती म्हणाली. "विचारल्याशिवाय विकलं, तेव्हापासून मी एकावर एक खोटं रचतेय. त्यात तुमचं नको मिसळायला. तुमच्या शब्दावर लोक जाकार्ताहून येतात. मी बाबांना सांगते. आजच."

त्या संध्याकाळी तिनं सगळं सांगितलं. रद्दी, बांधणी, बस, सतरावा भाग. पायरीवर बाबांच्या शेजारी बसून, समोरच्या भिंतीकडे बघत.

"तीस वर्षं टपाल वाटलं मी," बाबा म्हणाले. "पाकिटात काय आहे ते हातात घेणाऱ्याच्या तोंडावरून कळायचं. तू बांधणी म्हणालीस तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू आणत होतीस ना एकेक. मला वाटलं, चालू दे." चष्मा काढून ते म्हणाले, "पुस्तकं गेली त्याचं इतकं नव्हतं गं. तू विचारलं नाहीस, ते लागलं होतं. वाटलं, आता या घरात आपल्याला विचारायचं कारण उरलं नाही."

निकेननं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. त्यांनी ते टेकू दिलं.

"चार भाग राहिलेत माझे," बाबा म्हणाले. "उद्या मीच येतो तुझ्या त्या बुकबाइंडरकडे."

रविवारी बाबा बाटिकचा ठेवणीतला सदरा घालून गाळ्यावर हजर झाले. डॉक्टर गोल चेहऱ्याचे, पन्नाशीला टेकलेले गृहस्थ. सहीवाल्या सुमार्तोंनाच समोर पाहून ते गडबडले आणि दोन्ही हातांत त्यांचा हात धरून उभे राहिले. लहानपणी त्यांनी ही मालिका भाड्यानं आणून वाचली होती. पण शेजारचा मुलगा आधी नंबर लावायचा, म्हणून मधले कितीतरी भाग राहून गेले होते.

"माझे शेवटचे चार राहिलेत," बाबा म्हणाले.

"माझी गाडी संध्याकाळची आहे," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही वाचा. मी पहिल्यापासून सुरू करतो."

आणि ते दोघं दोन स्टुलांवर शेजारी शेजारी बसून खरंच वाचायला लागले. मध्येच एकजण "अरे!" म्हणायचा, दुसरा "पुढचं सांगू नका हं!" म्हणून ओरडायचा. सतराव्या भागाचा कुरतडलेला कोपरा पाहून डॉक्टर म्हणाले, "हा उंदीरही वाचकच म्हणायचा."

सेनो आणि निकेनला गाळ्यात उभं राहायला जागा नव्हती. ते बाहेर सायकलीला टेकून नारळाच्या दुधातलं गारेगार दवेत पीत होते. बर्फ विरघळत चालला होता.

"एक विचारू?" निकेन म्हणाली. "तुम्ही मला एकदम दहा भाग दिले असते, तर बाबांचं कधीच वाचून झालं असतं."

"हो."

"मग एकेकच का दिलंत?"

सेनोनं पेल्यातला बर्फ हलवला. "तुम्हालाही एकदम दहा मागता आले असते. मागितलेत?"

निकेननं आपला पेला सायकलच्या सीटवर ठेवला. सेनोनं तोंड उघडलं, आता तो काहीतरी...

"संपलं!" आतून बाबांचा आवाज आला. "निकेन, संपलं गं! आत ये, ऐक तरी काय केलं त्यानं!"

डॉक्टर गठ्ठा छातीशी धरून गेले. बाबा रिक्षात बसले, निकेन त्यांच्या शेजारी. रिक्षा हलली. सेनो हात वर करून उभा होता. 'परत या' तो म्हणाला नाही. 'येते' असं तीही म्हणाली नाही.

सोमवारी निकेन गेली नाही. काय घेऊन जाणार? परत करायला काही नव्हतं, आणायला काही नव्हतं. ती मशीनवर बसून राहिली. बुधवारी तिनं एका कबायाची डावी बाही उजवीकडे लावली आणि सगळी उसवली.

गुरुवारी दुपारी बाबा दारात येऊन उभे राहिले.

"आज गुरुवार आहे."

"माहीत आहे, बाबा."

"मग?"

"आता तिथून आणायचं काय?"

बाबांनी तिची सायकल भिंतीपासून काढून अंगणात आणली आणि घंटीवर हलकेच बोट मारलं. "मला विचारलंस म्हणून सांगतो. जा."

"मी कुठं विचारलं?"

"तीन दिवस दुसरं काय करतेयस?"

तिनं केससुद्धा विंचरले नाहीत. स्लामेत रियादी रस्त्यावर पोचली तेव्हा वोनोगिरीची आगगाडी आलेली. भर रस्त्याच्या कडेनं, मोटारी आणि रिक्षांच्या शेजारून, ती गाडी नेहमीसारखी शिट्टी घालत रमतगमत चालली होती. निकेन सायकल धरून थांबली. डबे सरकत होते... एक खिडकी, दुसरी खिडकी... आणि खिडक्यांच्या आरपार, रुळांच्या पलीकडे, एक लांबलचक माणूस उभा. दिसायचा, नाहीसा व्हायचा, पुन्हा दिसायचा. त्यानंही तिला पाहिलं होतं. त्याला कधी इतकं स्तब्ध उभं राहिलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

शेवटचा डबा गेला. दोघंही जागचे हलले नाहीत. मग दोघंही एकदमच निघाले, आणि रुळांच्या ऐन मधोमध समोरासमोर आले.

"गाळा?" निकेननं विचारलं.

"बंद केला."

"गुरुवारी?"

"सोमवारी वाट पाहिली. दिवसभर. आज धीर निघेना." त्यानं दोन्ही हात पुढे करून दाखवले. "पुस्तक नाही आणलं. काहीच नाही आणलं. म्हटलं, बघावं... रिकाम्या हातानं गेलो तर ती दारात उभं करते का."

"आणि नसतं केलं तर?"

"तर उद्या पुन्हा आलो असतो. निकेन, मला बोलायला वेळ लागतो, हे तुला माहीत आहे. पण आता बोलतोय. मला तू सोमवार, गुरुवार, शनिवार नकोस. मला रविवारीही हवीस. मंगळवारीही. रोज."

मागून एका रिक्षावाल्यानं घंटी बडवली. "अहो, लग्न करा नाहीतर बाजूला व्हा!"

निकेन खळखळून हसली. डोळे मात्र भरून आले होते. सेनोच्या उजव्या बाहीची शिवण खांद्यापाशी सुटली होती, घाईघाईत शर्ट घातला असावा. तिनं ती चिमटीत धरली.

"घरी चल," ती म्हणाली. "आधी ही शिवून देते, मस."

त्या 'मस'मध्ये भाजीवाला कुठंच नव्हता. सेनोनं तिच्या हातातून सायकल घेतली, आणि त्याची बाही न सोडता ती घराच्या दिशेनं वळली.